कळे

गेल्या आषाढात मागणीपत्रावर सही माझीच होती.
वडगावच्या बागेसाठी, दहा लिटरचे दोन कॅन.
ऑफिसात कानडीत लिहावं लागतं, तसं लिहिलं:
कळेनाशक.
तणाला कानडीत कळे म्हणतात.
बावन्न वर्षं ह्याच मातीत काढली,
हा शब्द शंभरदा लिहिला,
आणि मराठीत वाचला तर तो काय होतो
ते माझ्या डोक्यात आलं नाही.

आठव्या दिवशी पायवाटेच्या दोन्ही कडा
गंज चढल्यासारख्या पिवळ्या झाल्या,
इतक्या सरळ, की पट्टी ठेवून आखल्यात.
साहेब म्हणाले, व्हेरी गुड.
मागच्या गल्लीत मागांची खटखट चालूच होती.
मल्लव्वा त्या शनिवारी रिकाम्या ओच्यानं घरी गेली.
एरवी झाडून झालं की फाटकाजवळच्या दगडांतनं
घोळ खुडायची, माठ, कोवळा टाकळा.
मी विचारलं, तर तिनं कॅन फिरवून दाखवला.
इंग्रजी, हिंदी, बारीक अक्षरं, एक निळा त्रिकोण.
"मला वाचाय येतंय ते एवढंच,"
त्रिकोणावर बोट ठेवून म्हणाली.

चतुर्थीला पहाटे लोक दूर्वा न्यायला आले.
मी फाटकात उभा, इथली नको, इथली नको म्हणत.
कंग्राळकर मास्तर टोपी सारखी करत म्हणाले,
"हरळीबी सरकारजमा झाली काय ओ?"
कसं सांगू, की औषध मारलंय.
विषाला औषध म्हणण्यावर मात्र
आमच्या दोन्ही भाषांचं एकमत आहे.

यंदा तो रकाना कोरा सोडला.
सातेरी मुचंडीनं बंद पडलेल्या मंगल कार्यालयातला
तांब्याचा बंब आणला, बुडाला एक झाळ मारून.
गुलमोहराच्या छाटलेल्या फांद्या त्यात घातल्या.
थंडीत, सकाळी सातला, लांब नळीच्या किटलीनं
फरशांच्या फटीफटींतून उकळतं पाणी.
वाफ गुडघ्यापर्यंत.
आणि सगळ्या बागेत भाजी शिजल्याचा वास!
फिरायला आलेली माणसं नाक वर करून थांबली.

हे सोपं नाही, ते लिहून ठेवतो.
पंपानं जेवणापर्यंत बाग आटपायची,
बंबानं दिवसाला चाळीस मीटर.
लव्हाळा तर पंधरवड्यात पुन्हा हजर,
हजेरीपटावर नाव असल्यासारखा.
मागच्या उतारावर दस्तगीरच्या शेळ्या सोडल्या,
त्यांनी सगळं साफ केलं, माझी जास्वंदसुद्धा,
पण गाजरगवताला तोंड लावलं नाही.
ते फुलायच्या आधी हातानंच उपटायचं.
हातमोजे मिळाले ते पुरुषी मापाचे,
मल्लव्वानं मनगटाशी सुतळी बांधली.
किटलीच्या पाण्यात मुंग्यांची एक रांग गेली.
ती मी कुठल्याच रकान्यात लिहिलेली नाही.

फाटकाजवळचा हातभर तुकडा तिनं तसाच ठेवलाय.
खुरपं तिथवर येतं, थबकतं,
आणि वळसा घेऊन पुढं जातं.
घोळीची लाल देठं दगडाला धरून पसरलीत.
काल नोंदवहीत शेरा द्यायचा होता.
खरं ते लिहिलं: कळे इदे.
तण आहे.

ती अंगठा उठवायला आली, मी वाचून दाखवलं.
तोंडाला पदर लावून हसतच सुटली.
"नवरीच्या तोंडाकडं बघून म्हणतात तसं आमच्यात.
कळे इदे. तेज आहे म्हणून."
मी खोडायला घेतलेला पेन खिशाला लावला.

मंगळवारी ऑडिट आहे.