नऊ मीटर

वडगावातली आमची गल्ली नकाशात पिवळी आहे,
हे मला चौसष्टाव्या वर्षी कळलं.
पिवळा राहणाऱ्यांचा, निळा विकणाऱ्यांचा.
माझ्या शेडात चार माग चाळीस वर्षं खडखडले,
तो आवाज कुठल्या रंगाचा,
ते बुडाच्या कचेरीत कुणाला सांगता येईना.
(कचेरीचं नाव तेच आहे. मी ठेवलेलं नाही.)

माग भंगारात गेले.
थ्री-फेजचा मीटर भिंतीवर राहिला, जागा.
थोरला म्हणाला, आप्पा, करंट आहे, शेड आहे,
रिक्षा सगळ्या विजेवर चालूलालेत,
चार्जिंगचा एक खांब लावूया की.

फॉर्म कानडीत. त्यात नवीन काय नाही.
गुरुपादप्पा वाचत गेला, मी मराठीत उत्तरं दिली,
त्यानं ती कानडीत उतरवली, चहा माझा.
मग पेन थांबवून म्हणाला,
घरच्या गाडीला लावा खुशाल.
परक्या गाडीला रस्ता नऊ मीटर पाहिजे.

परकी म्हणजे कुठली?
शट्टुप्पाची रिक्षा रोज माझ्याच दारात झोपते.
त्याच्या पोरीचं बारसं ह्याच शेडात झालं,
बंद मागांवर फळ्या टाकून.

घरात टेप नव्हती.
इंदूनं ट्रंकेतून शेवटची साडी काढली,
शहापुरी, लाल काठाची, माझ्या हातची,
एक धागा चुकला म्हणून न विकलेली.
एक टोक ओट्याशी मी धरलं,
दुसरं घेऊन ती पलीकडच्या गटारापाशी.

वरून मुतगेकरीण ओरडली,
काय करूलालाय हो? वाळत घालूलालाय?
रस्ता मोजूलालोय.

गल्ली पुरती नेसवून झाली
तरी पदर माझ्या हातात उरला, दोन हात.
शिवाय नऊ वार म्हणजे नऊ मीटर नव्हे,
हे विणणाऱ्याला कुणी शिकवायला नको.

अर्ज परत आला, गोल शिक्का मारून.
रेषांचं आम्हाला नवल नाही इकडे;
कोण तरी लांब बसून ओढतो,
आम्ही तिच्यावरच अंगण सारवतो.

रात्री खिडकीतून एक काळी वायर
शट्टुप्पाच्या रिक्षेत जाते.
मी विचारत नाही, ती कुणाची.

इंदूनं साडी धुतली, गटाराचा काठ चोळून चोळून.
पहिलंच पाणी. टीचभर आटली.
म्हणते, आता त्याच साडीनं मोजलं
तर रस्ता वाढलेला असेल.
चला, धरा टोक.