या आठवड्यात ण

दाराबाहेरच्या फळ्यावर सोमवारी खडूनं लिहिलं:
मोठा गट. या आठवड्यात अक्षर ण, अंक सात,
संकल्पना: आत आणि बाहेर.
गुरुवारी डब्यात मोड आलेले मूग द्यावेत.
पालक मोबाइल वर धरतात, फोटो काढतात, जातात.

ण शिकवणं अवघड.
क ला कमळ मिळतं, ग ला गाडी,
ण च्या वाट्याला सुरुवातीचं काहीच आलेलं नाही.
तक्त्यावर बाण काढलाय, पण बाण तर ब चा.
निहार मढवीनं पहिल्याच तासाला पकडलं:
"टीचर, यो पयला कवा येल?"
येत नाही रे. मधे येतो, नाहीतर शेवटी.
"मंजे माज्यासारका,"
उंचीच्या रांगेत कायम शेवटी उभा राहणारा निहार म्हणाला
आणि त्याचं समाधान झालं.

ताटलीत रवा पसरून आम्ही ण गिरवला.
एक पेला, शेजारी काठी, वर छप्पर.
अर्ध्या वर्गाचे पेले पालथे.
तन्मयीनं काठी चाटून टाकली.

फ्रिजचं रिकामं खोकं आणलं होतं, आत-बाहेर साठी.
सगळे आत गेले, सगळे बाहेर आले,
शिवलीला आतच राहिली.
आठ दिवसांपूर्वी आलेली,
बाप सेक्टरातल्या नव्या टॉवरवर सळ्या बांधतो.
अजून एक शब्द बोललेली नाही.
मी अहवालात लिहिलं: "आत" समजलेलं आहे.

मग बाटल्या भरताना पाणी आलं.
पा-णी, मी म्हणाले.
पा-नी, गावठाणातली बारा पोरं म्हणाली.
जीभ वळवा, टाळूला टेकवा.
जिभा बाहेर आल्या, डावीकडे गेल्या,
एक नाकाला लागली, तिला टाळ्या मिळाल्या.
पानी.

घणसोलीच्या पोटात ण आहे,
ठाण्याच्या पाटीवर आहे,
पण गावात त्याला कुणी हाक मारत नाही.
मी मिरजेची. माझी जीभ आपोआप वळते,
त्यात माझी काही कमाई नाही.
निहारचा बापूस रात्री खाडीत उतरतो,
कमरेएवढ्या चिखलातून निवट्या घेऊन येतो.
ज्याला तो पानी म्हणतो
ते मी कधी पायानंसुद्धा पाहिलेलं नाही.
तरी वहीत लाल पेनानं गोल केला.
घरी जाताना तो गोल बसमध्ये माझ्याबरोबर होता.

शुक्रवारी आरसा फिरवला. नाक कुठंय, कान कुठंय.
डोळे?
खोक्यातून एक बोट बाहेर आलं,
परत आत जाऊन पापणीला टेकलं.
"कण्णु."

एवढा भरघोस ण
माझ्या मिरजेतही कुणी उच्चारला नसेल.
वर्ग गप्प.
"टीचर, हिचे तोंडान हाय तो!"
आणि सगळी पोरं खोक्याभोवती,
दाखव, उघड, परत बोल.
शिवलीलानं तोंड उघडून दाखवलं,
दात पडलेल्या जागेसकट.
मग बाहेर येऊन डब्यातल्या केळ्यावर बोट ठेवलं: हण्णु.
कुंडीतल्या मातीवर: मण्णु.
निहार म्हणाला, कन्नु.
तिनं मान हलवली. हसली.
त्याची हनुवटी चिमटीत धरून वर केली,
जसं मी करायला हवं होतं,
किंवा मी कधीच करू नये असं.

साडेबाराला निहारचा बापूस आला,
पँटच्या काठाला सुकलेला चिखल.
"काय शिकलास र?"
"कण्णु," निहार म्हणाला. जवळजवळ.
बापसानं माझ्याकडं बघितलं.
मी फळा पुसायला घेतला.

सात राहूनच गेला.