कांडी

रजिस्टरमध्ये तिचं नाव डायना.
मी शेंगी म्हणते,
शेंगेच्या टरफलाचा रंग आहे म्हणून.
पथकातली बाकीची कुत्री बारूद हुंगतात, गांजा हुंगतात,
एक तर रक्ताच्या थेंबामागे थेट बाळ्यापर्यंत गेलं होतं.
शेंगीला एकच वास शिकवलाय,
नखाएवढ्या कार्डांचा,
जो आपल्याला येतच नाही.
सापडलं की भुंकायचं नाही. खाली बसायचं.
बसली की मूठभर खाणं, माझ्या हातून.
एरवी तिला ताट नाही.

म्हणून सुट्टीला, दिवाळीलासुद्धा
मी घरात काहीतरी लपवते.
पिठाच्या डब्यामागे, चपलेत, देव्हाऱ्याच्या खणात
एक जुनं कार्ड. त्यात भाचीचं बारसं आहे,
पाळणा, घुगऱ्या, आई हसताना.
शेंगी ते बारसं रोज दोनदा शोधते
आणि जेवते.

मे महिना, पारा त्रेचाळीस.
साखर पेठेत शिकवणीच्या सरांचं घर.
खाली फळा, वर बंद पडलेला माग.
सगळे त्यांना सरच म्हणत होते,
आम्हीसुद्धा, सवयीनं.
संगणक स्वच्छ. फोन स्वच्छ.
सर स्वतः स्वच्छ, इस्त्रीचा शर्ट,
'चहा घेणार का मॅडम?'
पीएसआय चिट्यालांनी तीन तास गाद्या उसवल्या.
जिन्याखाली गल्ली गोळा झालेली, कुणीतरी म्हणालं,
कुत्रं कशाला आणलंय, चोर आहेत का ते?

शेंगी जिना चढली. पत्र्याखालची फरशी भाजत होती,
मी ओलं पोतं तिच्या पायांपुढं सरकवत नेलं.
कपाट ओलांडलं. ट्रंक ओलांडली.
मुलींच्या वह्यांच्या गठ्ठ्यापाशी क्षणभर नाक, मग पुढं.
मागाच्या पलीकडं टोपलीभर कांड्या,
अर्ध्या राहिलेल्या चादरीचं लाल सूत अजून गुंडाळलेलं.
तिथं ती बसली.

शेजारचे माग चालू होते.
खटाखट, खटाखट.
त्या आवाजात किती वर्षं
काय काय ऐकू गेलं नसेल.

एकेक कांडी उचलली. एकशे बाराव्या कांडीच्या पोकळीत
कापसाचा बोळा, बोळ्यात कार्ड.
मी आधी शेंगीला खाऊ घातलं. नियम आहे.
ती माझा तळवा चाटत होती
तेव्हा मागे सर खाली बसले,
कुणी न सांगता.

कार्डात काय होतं ते मी पाहिलेलं नाही.
ते पाहणारी दोन माणसं आहेत, बंद खोलीत बसतात.
त्यातल्या एकानं त्या आठवड्यात डबा उघडला नाही.
शेंगीला वास तोच,
बारशाचा आणि ह्याचा.
मला रात्री हेच आठवतं. तिला झोप लागते,
झोपेत पाय हलवते.

जबाबाच्या दिवशी बाईंचा फोन आला, कुत्री आणाल?
मुलगी नऊ वर्षांची. नाव सांगणार नाही.
चार दिवस तिनं तोंड उघडलेलं नव्हतं.
शेंगी खोलीभर फिरली,
टेबल, कूलर, कोपरा,
आणि तिच्यासमोर जाऊन बसली.
तिच्या बसण्याचा अर्थ मला एकच ठाऊक.
मी मुलीच्या खिशाकडे बघितलंसुद्धा,
वाईट सवय. खिशात बडीशेप होती.

मुठीत खाणं धरून मी उभी.
सापडल्याशिवाय द्यायचं नसतं.
मुलगी शेंगीकडे बघत, तेलुगूत, हळूच,
'इदि तिनदा?'
खात नाही का ही?

खाते, म्हटलं. हातानं दिलं तरच.
आणि माझी मूठ तिच्या ओंजळीत रिकामी केली.

ओली जीभ लागली तशी ती दचकली,
हात मागे घेतला, फ्रॉकला पुसला,
परत पुढं केला.
दाणे संपले तरी हात तिथंच.
बाईंनी टेप अजून लावली नव्हती.
कूलरचं पाणी संपत आलेलं,
कुणी उठलं नाही.