शून्य पूर्णांक अडतीस

दर चौथ्या सकाळी एस्टीम मरायची.
किल्ली फिरवली की बॉनेटखाली टक्,
मग टक् टक्,
मग तेही नाही.
सोसायटीचा वॉचमन, पेपरवाला
आणि दुसऱ्या मजल्यावरचे कर्णिक
न बोलावता धक्का मारायला येऊ लागले,
तेव्हा मला लाज वाटली.
सहा महिन्यांत दोन बॅटऱ्या.
दुसरीची पावती अजून पर्समध्ये आहे.

खडकी बाजारात दस्तगीर म्हणाला,
"नळ गळतोय मॅडम,
आणि तुम्ही टाक्या बदलताय."

डिसेंबर. बोटं कापलेले हातमोजे घालून
त्यानं निगेटिव्ह सोडवली, मधे मीटर जोडला,
दाराच्या बटणाला कपड्यांचा चिमटा लावला,
म्हणजे गाडीला वाटावं
दार लागलं, माणसं गेली.
"आता हात लावू नका. झोपू द्या तिला."
आम्ही हाफ चहा घेतला, हळू आवाजात बोलत.
मीटरवर शून्य पूर्णांक अडतीस.
"आत कोणीतरी जागं आहे," तो म्हणाला.

मग एकेक फ्यूज.
वायपरचा. अडतीस.
हॉर्नचा. अडतीस.
घड्याळाचा काढला तेव्हा सदतीस.
"घड्याळानं खाल्लं तर चालतं, त्याचा हक्क आहे."
रेडिओ, डिकीचा दिवा,
लाल निळे पिवळे सगळे फ्यूज
लेमनच्या गोळ्यांसारखे रुमालावर,
आणि आकडा जागचा हलेना.
ऑल्टरनेटरची वायर सोडवली, तरी नाही.
म्हणजे कोणीतरी फ्यूजला न विचारता
थेट पीत होतं.

तो डॅशबोर्डखाली उताणा शिरला.
बाहेर नुसते पाय, एका चपलेचा अंगठा शिवलेला.
तोंडात टॉर्च, त्यामुळे काय म्हणाला कळलं नाही.
मग हात बाहेर आला:
काडेपेटीहून थोडी मोठी काळी डबी,
हातानं पिळलेल्या वायरी,
वाळून कडक झालेली टेप.

चोराचा अलार्म.
सायरनची वायर कधीच तुटलेली,
काचेजवळचा लाल दिवा जळालेला.

गाडी ज्यांच्याकडून घेतली त्या जठारांना फोन लावला.
त्यांना कमी ऐकू येतं, दोनदा सांगावं लागलं.
स्टिरिओ चोरीला गेला होता, म्हणाले,
दोन हजार एक साली, लक्ष्मी रोडला. तेव्हा बसवला.
मांजर टेकलं तरी बोंबलायचा.
मग एक दिवस आवाज गेला,
आम्ही समजलो मेला.
जरा थांबून:
"म्हणजे अजून चालू होता?"

चालू होता.
शेजारून ट्रक गेला की,
कुत्र्यानं चाकाशी पाय वर केला की,
आतल्या आत ओरडत होता
आणि पुन्हा कान टवकारत होता.

"पण आत्ताच कसं?" मी विचारलं.
"आत्ताच नाही. जठारसाहेब रोज पिंपरीला जायचे.
तुम्ही रोज कुठे जायचात?"
औंधहून येरवड्याला. सरकारी छापखान्यात,
प्रुफं वाचायला. मे महिन्यापर्यंत.
"मग बरोबर. रात्रीचं गळलेलं
दिवसा भरून निघत होतं."

कापू का, असं त्यानं पकडीनंच विचारलं.
मी मान हलवली.
शून्य पूर्णांक शून्य दोन.
डबी माझ्या हातावर ठेवली.
कोमट होती.

रात्री तीनला मला जाग येतेच.
गॅलरीतून खाली बघितलं:
गाडी, तिच्यावर दव,
पहारा कोणाचाच नाही.

चौथा दिवस मी मुद्दाम जाऊ दिला.
पाचवाही.
सहाव्या सकाळी किल्ली फिरवली
आणि ती अर्ध्या सेल्फवर उठली.
इंजिन चालू. हात स्टिअरिंगवर.
कुठे जायचं ते मात्र ठरवलेलं नव्हतं.
बराच वेळ तशीच बसले असेन,
कारण वरून कर्णिक
दोन्ही हातांनी हवेत ढकलून
विचारत होते,
धक्का?