दोन पानांचे पैसे

विद्यापीठाच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
वाल्दिव्हियात नोकरी शोधणारा प्रत्येक जण
एकदा तरी या काचेवर पालथा पडतो,
हिरवा उजेड त्याच्या आयुष्याखालून सरकतो
आणि मी, एलिसेओ, न वाचल्यासारखं करून
सगळं वाचतो.

सत्तावीस वर्षं वाचतोय.
सगळे मेहनती. सगळे उत्साही.
सगळ्यांना मिळून-मिसळून काम करायला आवडतं.
एवढी गुणी माणसं खरंच या गावात असती
तर मासळीबाजारामागचे समुद्रसिंहसुद्धा
ढकलाढकली सोडून रांगेत उभे राहिले असते.

काल संध्याकाळी रायेन वेंचुल आली.
पाच पानं. वर फोटो, फोटोत उसना कोट.
अर्ज पुएर्तो माँतच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेला,
आणि पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात
'आपल्या नामांकित सॅमन कंपनीत
काम करण्याचं माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे.'

"दहा ठिकाणी पाठवतेय," ती म्हणाली,
"नाव बदलायचं राहिलं वाटतं."

मी मशीन थांबवलं.
चौथ्या पानाच्या तळाशी,
पोहणे आणि वाचन यांच्या जरा वर,
मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ होती:
नदीच्या गाळातील डायटमचे नमुने, दोन हिवाळे.

हे काय गं?

मग ती हातांनी बोलायला लागली.
दर तीन तासांनी, ओहोटी बघून,
कमरेएवढ्या चिखलात, टॉर्च दातांत धरून.
सहाशे बारा बाटल्या.
चार फुटल्या; कुठल्या चार, ते वहीत आहे.
सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेला तेव्हा
भावाच्या मोटरसायकलचा काढून बसवला.
आणि दुसऱ्या जुलैत काचपट्टीवरचे आकार बदलले,
नेहमीचे गेले, भलतेच आले:
वरच्या अंगाला कुणीतरी काहीतरी सोडलं होतं.
पालिकेला कळायच्या अकरा दिवस आधी
ते तिला कळलं होतं.

"मग हे लिहिलंयस कुठे?"
"ते काय लिहायचं? ते तर मी केलंय."

काखेत कळसा म्हणतात तो हाच.

निळं पेन घेतलं.
जाहिरात वाच पुन्हा. त्यांना हवाय
पाण्यातला बदल वेळेवर सांगणारा माणूस.
मग ते अकरा दिवस वर आण, पहिल्या ओळीत.
फोटो काढ. शाळेतलं दुसरं बक्षीस काढ.
'अत्यंत' जिथे जिथे आहे तिथून काढ.
छापलेला लेख एकच ना? एकच लिही.
'प्रकाशनाच्या वाटेवर' म्हणून तीन उभे करू नकोस,
ती वाट केवढी लांब असते
ते वाचणाऱ्यालाही ठाऊक असतं.

"बाटल्या फुटल्या, तेही लिहू?"

लिही.
ज्याला फुटलेल्या मोजता येतात
त्याच्या उरलेल्यांवर भरवसा ठेवता येतो.

तिला नाही सांगितलं,
पण गल्ल्याखालच्या खणात माझाही एक अर्ज आहे,
कागद गिरणीच्या रसायनशाळेसाठी.
सुबक, बिनचूक,
मित्राच्या पत्रावरून उतरवलेला.
लगदा पिवळा का पडतो ते शोधण्यात
मी तीन वर्षं घालवली होती.
त्या पत्रात लगदा हा शब्दच नाही.

आठ वाजता कागद बाहेर आले,
पावासारखे गरम.
पत्र एक पान, बायोडेटा एक.
तिने उभ्या उभ्या वाचून पाहिलं,
'जुलैत नदी बदलली हे मला
अकरा दिवस आधी कळलं.
कसं कळलं, ते खाली लिहिते.'
आणि वाचताना घसा खाकरला,
जणू दुसऱ्याच कुणाची ओळख करून देत होती.

पाच पानांची नाणी तिने काढून ठेवली होती.
मी दोनाची घेतली.

"आणि बाकीची नऊ पत्रं?"

बाकीची उद्या. प्रत्येकाला वेगळं.
नऊला ये,
मशीन तापायला जरा वेळ लागतो.