नाकासमोर

ओरेस्टने तीन पिस्तुलं फडक्यावर मांडली.
प्रत्येक उघडून रिकामं असल्याचं दाखवलं,
मग मला दाखवायला लावलं, मग पुन्हा स्वतः पाहिलं.
"माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," म्हणाला,
"कुणावरच नको. डोळ्यांनी बघ, बोट घालून बघ."

पहिलं देखणं. निळसर काळं, नऊ मिलिमीटरचं.
हातात घेतलं आणि क्षणभर मी सिनेमातली कुणीतरी झाले,
मग मनगट खाली झुकलं.
"याच्या गोळ्यांच्या पैशात
तुझं घर फेब्रुवारीभर गरम राहील."
दुसरं नवंकोरं. त्याचा चाप
पावसाळी दारासारखा अडायचा,
सुटणार कधी ते कळायचं नाही.

तिसरं पॉइंट टू टू.
नळीवर चरे, आणि मूठ अक्रोडाची,
कुणीतरी कानशीने घासून, लुकण भरून
आपल्या पंजाजोगी करून घेतलेली.
"कुणाचं?"
"हालिनाचं. नजर गेली तिची.
नेम नाही गेला, असं तीच सांगते."

तिच्या अंगठ्याच्या खळगीत माझा अंगठा बसला.
करंगळी बाहेर राहिली.
तीस वर्षं स्कूलबस चालवते मी,
दुसऱ्यांनी गुळगुळीत केलेल्या वस्तूंची
तळव्यांना सवय आहे.
हेच, म्हटलं.

(त्या काळी मॅनिटोबात
पिस्तूल असं विकत घेता येत असे.
तरी कागद यायला पाच आठवडे लागले.)

मग तो दिवस. गोळी आत नाही,
चापाला कुलूप, आरपार न दिसणाऱ्या पेटीला कुलूप,
पेटी डिकीत, डिकीला कुलूप.
झाकली मूठ, तिच्यावर आणखी एक मूठ.
परवाना गाडीच्या कप्प्यात, नेस्टरच्या जुन्या चष्म्याखाली.
आणि ओरेस्टची शेवटची ताकीद:
"दुकान ते घर. नाकासमोर जायचं.
वाटेत कॉफी नाही, बहीण नाही."

डॉफिनपासून हायवे पाच.
दोन्हीकडे कापलेली कॅनोला, आणि इतकं आकाश
की गाडी पुढे सरकते आहे यावर विश्वास बसत नाही.
गिल्बर्ट प्लेन्सच्या अलीकडे उजवीकडे खडीचा रस्ता फुटतो,
चारशे मीटरवर कांद्याच्या घुमटाचं चर्च,
चर्चमागे नेस्टर.
दर शनिवारी वळते मी तिथे.
इंडिकेटर आपोआप लागला.
टिक, टिक.

वळले नाही. इंडिकेटर बंद करायलाही विसरले,
म्हणून दोन मैलांवर पोलिसाने थांबवलं.
ब्रेडन. तिसरीत असताना
माझ्या बसमध्ये, पाचव्या सीटवर ओकला होता.
आता टोपी घालून खिडकीशी वाकलेला.
दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून मी सांगितलं,
डिकीत काय आहे, कागद कुठे आहे.
हात थरथरत होते. ते नेहमीच थरथरतात,
नेस्टर गेल्यापासून. डॉक्टरीण म्हणते नसा ठीक आहेत.
त्याने कागद वाचला, रस्ता पाहिला, पुन्हा कागद.
"वळायचं होतं कुठे?"
"वळायचं होतं," म्हटलं. "वळले नाही."
त्याने चष्मा उचलून कागदावर परत ठेवला, हलक्या हाताने.

घरी आले. पेटी तिजोरीत, किल्ली
आता सांगत नाही कुठे ते.
मग रिकामी गाडी घेऊन उलटी गेले चर्चपर्यंत,
अंधार पडता पडता. नेस्टर असता तर म्हणाला असता,
देखणं घ्यायचं होतंस, बाई.

गुरुवारी क्लबात पहिल्या दहा गोळ्या.
चार कागदावर. बाकीच्या मागच्या वाळूत.
मी पिस्तूल रिकामं करून ठेवलं, कानांवरचे कप काढले.
बाकावर एक म्हातारी बसली होती,
पांढरी काठी गुडघ्यांमध्ये, हनुवटी काठीवर.
"आठवी डावीकडे गेली," ती म्हणाली.
खरंच गेली होती.
"करंगळी आवळतेस. ती बाहेरच राहू दे.
माझी पण राहायची."