पायाखालची खोकी

मार्चचा दुसरा आठवडा. मोहाडीचं पॅकहाउस.
बाहेर सदतीस अंश, आत सोळा.
थॉमसनच्या कुठल्यातरी घडात बसून
बागेतून इथवर आलेली एक गांधीलमाशी
जिजा भोयेच्या जाळीच्या टोपीखाली शिरली.

"चावली मेली," जिजा म्हणाली, हसून,
आणि कात्री न थांबवता पुढचा घड उचलला.

मी सुपरवायझर. माझ्या वहीत
साखर, मणी, वजन यांचे रकाने आहेत,
माशीचा नाही.
कुणी म्हणालं चुना लावा,
कुणी म्हणालं लोखंड घासा, ही घ्या कात्रीच.
मी शहाणा. मी डब्यातली गोळी दिली
आणि म्हटलं, बस जरा तिकडे, बरं वाटेल.

ती गोळी अजून माझ्याच घशात आहे.

सात मिनिटं गेली.
वजनकाट्यावरचं घड्याळ मी नंतर तपासलं, म्हणून सांगतो. सात.
तेवढ्यात तिचे तळहात खाजले, मग ओठ जड झाले,
गळ्यापासून कोपरापर्यंत गांधी उठल्या,
आणि जिचा आवाज कोल्डरूमच्या दारापलीकडे जायचा
ती जिजा चिमणीएवढ्या आवाजात म्हणाली,
"दादा, काहीतरी वाईट होतंय."
काय होतंय, ते तिलाही सांगता येईना.

गेल्या वर्षी सातपूरला एक दिवसाचं प्रशिक्षण होतं.
मी मागच्या रांगेत. जेवण चांगलं होतं.
डॉक्टर तडवी बाईंनी प्रत्येकाला
मोसंबीत सुई टोचायला लावली होती
आणि म्हणाल्या होत्या,
गोळी पायी जाते, अ‍ॅड्रेनलीन धावत जातं,
घसा मिटायला लागला की
पायी जाणाऱ्याची वाट बघू नका.
आम्ही हसलो होतो. मोसंबी नंतर कुणीतरी खाल्ली.

जिजा उठू लागली, तोंड धुऊन येते म्हणाली.
मी ओरडलो. इतका की ग्रेडिंगचा पट्टा कुणीतरी बंद केला.
उठायचं नाही! एक पाऊलसुद्धा नाही!
तिला आडवं केलं, आणि पाय वर घ्यायला
हाताशी होतं तेच ओढलं:
साडेचार किलोची दोन खोकी,
वर छापलेलं रॉटरडॅम.

एकशेआठला फोन. गाडी दिंडोरीहून निघणार.
दुसरा फोन आरोग्य केंद्रात, गांगुर्डे सिस्टरना.
मी काय बोललो ते आठवत नाही,
त्यांचं आठवतं: "झोपवूनच आणा. मी भरून ठेवते."

हनीफमामांचा पिकअप, मागे पुठ्ठे,
पुठ्ठ्यांवर जिजा, पाय खोक्यांवर, डोकं यमुनाच्या हातात.
प्रत्येक गतिरोधकाला मामा माफी मागत होते,
कुणाची ते माहीत नाही.
तिच्या छातीत शिट्टी वाजत होती,
बारीक, दूरवरच्या कुकरसारखी,
आणि शिट्टी थांबली तर काय
हे आमच्यापैकी कुणी बोललं नाही.

सिस्टर फाटकातच उभ्या होत्या, सिरिंज हातात.
नाव नाही, केसपेपर नाही.
लुगडं वर सारलं, मांडीची बाहेरची बाजू, अर्धा मिली.
त्या घड्याळाकडे बघत राहिल्या, मी जिजाकडे.
पाच मिनिटांनी आणखी अर्धा.
मग जिजाला खोकला आला,
आणि खोकल्यामागून एक अख्खा श्वास,
भिंतीला टेकलेल्या हनीफमामांनी तो मोठ्याने मोजला: "एक."

रात्र नाशिकच्या सिव्हिलला काढली.
उतरलेलं परत चढतं कधीकधी, म्हणाले,
लक्ष ठेवायला हवं.
पहाटे तिचे ओठ तिचेच दिसू लागले.
डोळे उघडून तिने पहिलं विचारलं,
"ती खोकी गेली का परदेशात?"

नाही गेली, जिजा.
पाय लागलेला माल नियमात बसत नाही,
नऊ किलो नापास, माझ्याच सहीने.
ती द्राक्षं आम्ही सगळ्यांनी पॅकहाउसच्या पायरीवर बसून खाल्ली.
गोड होती. थोडी चेपलेली.

आता डब्यात तिच्या नावाची चिठ्ठी आहे,
पहिल्या पानावर सिस्टरांचा नंबर,
आणि वहीत मी हाताने रेघ मारून
एक नवा रकाना केलाय.
त्यात अजून एकच नोंद:
सात मिनिटं. माझी.